गोचीड : काढण्याची रीत आणि टिपून ठेवायची तारीख

बेंगळुरूच्या पूर्वेस जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, हे पूर्वी शहराबाहेरचे गाव होते. लगतच्या दूरवाणीनगरात १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या बाजूस येऊन राहू लागली. पुढे व्हाइटफील्डच्या संगणक उद्योगाने ही वस्ती कित्येक पटींनी वाढविली. मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. कोणाचे मूळ गाव सावंतवाडीकडे, कोणाचे बेळगावकडे, कोणाचे गोव्यात. जानेवारी ते मे या काळात त्यांची गावाकडे ये-जा वाढते, कारण जत्रा, लग्नसराई, काजू-आंब्याचा हंगाम आणि मुलांच्या सुट्ट्या या सर्वांचा मेळ त्याच महिन्यांत बसतो. गावी न जाणारे शनिवार-रविवार जोडून जोग, सागर, आगुंबे अशा मलनाडच्या रानात फिरून येतात आणि सोमवारी सकाळी कामावर हजर होतात.

अशा एखाद्या सोमवारी आंघोळ करताना गुडघ्याच्या मागील लवणीत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली एक काळसर ठिपका हाताला लागतो. आधी तो तीळ वाटतो, मग खपली वाटते, आणि नखाने खरवडू गेल्यास त्याला पाय असल्याचे दिसते. बहुतेक घरांत पुढील गोष्ट एका मिनिटात घडते. ठिपका नखाने ओरबाडून फेकला जातो, जागा थोडी चोळली जाते आणि प्रसंग विसरला जातो. सहा दिवसांनी ताप चढतो तेव्हा डॉक्टरांना ताप, डोकेदुखी, अंगदुखी एवढेच सांगितले जाते. रानाची सहल आणि तो ठिपका या दोन्ही गोष्टी सांगायच्या राहून जातात.

तो ठिपका म्हणजे गोचीड. तिला अंगावरून योग्य रीतीने काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर ती कोठे लागली आणि कोणत्या दिवशी काढली हे टिपून ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच केले जात नाही.

चिकटते म्हणजे काय करते?

‘गोचिडीसारखा चिकटला’ हा वाक्प्रचार मराठीत सर्वपरिचित आहे. गायीच्या सडाला लागूनही दूध सोडून रक्त पिणारी गोचीड आपल्या संतवाङ्मयात दृष्टान्तासाठी आलेली आहे. गुरे पाळणाऱ्या समाजाने या जीवाचे निरीक्षण फार बारकाईने केले होते यात शंका नाही. कर्नाटकात तिला उणुगु किंवा उण्णे म्हणतात. के. आर. पुरमच्या एखाद्या दवाखान्यात ‘गोचीड’ हा शब्द कळला नाही, तर हे शब्द उपयोगी पडतात.

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील असून पूर्ण वाढ झालेल्या गोचिडीस आठ पाय असतात. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही आणि झाडावरून ती माणसाच्या डोक्यावर पडते हा समजही बरोबर नाही. गवताच्या टोकाशी, झुडपाच्या पानावर किंवा वाळलेल्या पाचोळ्यात ती पुढचे दोन पाय पसरून वाट पाहत बसते. त्याच पायांवर उष्णता आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू ओळखणारी इंद्रिये असतात. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा स्पर्श होताच ती त्याला धरते आणि मऊ, उबदार, झाकलेली जागा शोधत वर सरकते. म्हणूनच काखा, जांघा, गुडघ्यामागील लवण, कानामागील भाग, केसांची मुळे आणि अंतर्वस्त्रांच्या कडा या तिच्या आवडत्या जागा होत.

जागा मिळाल्यावर ती त्वचेला बारीक छेद देते आणि त्यात सोंडेसारखा एक अवयव रोवते. या अवयवावर मागच्या बाजूस वळलेले असंख्य काटे असतात. माशाचा गळ सहज आत जातो पण ओढला की अडकतो, तसेच हे असते. कित्येक जातींच्या गोचिडी याशिवाय तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडतात. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि दंशाची जाणीव बधिर करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे डास चावल्याचे कळते पण गोचीड लागल्याचे कळत नाही. पाहुणी दिवसेंदिवस मुक्काम करते आणि यजमानाला पत्ताही नसतो.

रक्त प्यायलेली मोठी गोचीड फुगून करड्या रंगाची होते आणि थेट एरंडीच्या बीसारखी दिसते. हे साम्य रोमन लोकांच्याही लक्षात आले होते. लॅटिन भाषेत गोचिडीला ‘रिसिनस’ म्हणत, आणि एरंडाचे शास्त्रीय नावही तेच पडले आहे. मात्र माणसाला लागणारी गोचीड पुष्कळदा इतकी मोठी नसते. वाढीच्या मधल्या अवस्थेतील पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि पश्चिम घाटात माणसाला धोका प्रामुख्याने याच अवस्थेतील गोचिडींपासून असतो.

काढण्याची रीत

ज्या अवयवाची रचना गळासारखी आहे तो हिसका देऊन ओढल्यास तुटणार, हे उघड आहे. गोचीड काढण्याच्या योग्य पद्धतीचे सारे मर्म यात आले. जोर कमी, पण सतत आणि सरळ दिशेने लावावयाचा.

यासाठी बारीक, टोकदार चिमटा सर्वांत चांगला. भुवया कोरण्यासाठी घरोघरी असलेला रुंद, सपाट टोकांचा चिमटा तितकासा सोयीचा नाही, कारण तो गोचिडीच्या पोटालाच दाबतो. औषधांच्या दुकानात अथवा घड्याळ दुरुस्तीच्या सामानात मिळणारा निमुळत्या टोकांचा चिमटा स्वस्त असतो आणि तो प्रवासाच्या औषधपेटीत सहज मावतो. प्रथम उजेड चांगला असावा आणि केस असल्यास ते बाजूला करावेत. मग चिमट्याची टोके त्वचेला अगदी टेकवून गोचिडीला तिच्या तोंडापाशी पकडावे. पोट पकडू नये. पकड बसल्यावर त्वचेपासून काटकोनात, म्हणजे सरळ वर, हळूहळू ओढावे. त्वचा तंबूसारखी थोडी वर उचलली जाते. तेथेच न सोडता, न झटकता ताण तसाच धरून ठेवावा. काही सेकंदांत, कधी अर्ध्या-एक मिनिटात, पकड सैल होऊन गोचीड सुटते. धीर ठेवणे हाच यातील कठीण भाग आहे, विशेषतः गोचीड लहान मुलाच्या अंगावर असेल आणि मूल रडत असेल तर.

चिमटा फिरवून, स्क्रू काढावा तशी गोचीड काढण्याचा सल्ला काही जण देतात. तिच्या मुखावयवावर आटे नसतात. पिळल्याने काही लाभ होत नाही, उलट अवयव तुटण्याचा संभव वाढतो. चिमटा जवळ नसेल तर तो मिळेपर्यंत तासन्‌तास थांबण्यापेक्षा बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाड कागद गुंडाळून, शक्य तितके त्वचेजवळ धरून, त्याच सावकाश रीतीने ओढावे. लवकर काढणे हे उत्तम हत्याराची वाट पाहण्याहून अधिक मोलाचे आहे.

कधी सर्व काळजी घेऊनही एक काळा कण त्वचेत राहतो. ‘डोके आत राहिले, आता ती पुन्हा वाढेल’ अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. आत राहतो तो मुखावयवाचा तुकडा. त्यापासून नवी गोचीड निर्माण होत नाही. तो चिमट्याने सहज निघत असल्यास काढावा, नसल्यास सुईने उकरत बसू नये. बारीक काटा जसा काही दिवसांत त्वचेबाहेर फेकला जातो तसाच तोही जातो. जागा लाल होऊन सुजली, दुखू लागली किंवा पू झाला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. कानाच्या आत किंवा पापणीच्या कडेला लागलेली गोचीड घरी काढण्याचा प्रयत्नही करू नये.

गोचीड निघाल्यावर दंशाची जागा आणि आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत व जागेवर स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावावे. लहानसा गोल लालसर चट्टा एक-दोन दिवस राहतो. त्याने घाबरू नये.

राहता राहिली हातातील गोचीड. ती दोन नखांमध्ये चिरडण्याची सवय खेडोपाडी सार्वत्रिक आहे. ही सवय सोडलीच पाहिजे. गोचिडीच्या शरीरातील द्रव बोटांवरील बारीक जखमेतून रक्तात जाऊ शकतो. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वर या भयंकर रोगाचा भारतातील पहिला उद्रेक निश्चित झाला आणि त्यात रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचेही प्राण गेले. हा रोग गुरांवरील गोचिडींमुळे पसरतो, आणि गोचीड हाताने चिरडणे हा त्याच्या संसर्गाचा एक ज्ञात मार्ग आहे. तेव्हा काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. त्याहून चांगले म्हणजे पारदर्शक चिकटपट्टीने ती कोऱ्या कागदावर चिकटवून बाजूला काढल्याची तारीख आणि लागल्याचे ठिकाण लिहावे. बँकेच्या कर्मचाऱ्यांना व्हाउचर तारखेसह जपण्याची सवय असतेच. त्या सवयीचा येथे खरोखर उपयोग आहे.

रॉकेल, काडी, चुना

गोचीड आपणहून सुटावी म्हणून तिच्यावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे, विझवलेल्या काडीचा चटका देणे, चुना, मीठ, तंबाखूचे पाणी किंवा व्हॅसलीन लावणे, अलीकडे नखांचे रंग लावणे, असे नाना उपाय चालतात. गुरांच्या बाबतीत यांतील काही उपाय पिढ्यान्‌पिढ्या होत आले, तेथूनच ते माणसांवर आले असावेत. त्यामागील विचार वरकरणी पटण्यासारखाही आहे, कारण जीव घाबरला की पकड सोडेल असे वाटते. परंतु गोचीड इतक्या लवकर गुदमरत नाही. तिचा श्वास अत्यंत मंद चालतो आणि व्हॅसलीनखाली ती तासन्‌तास जिवंत राहून आपले काम चालू ठेवते. शिवाय डिवचलेली गोचीड पकड सोडण्याऐवजी लाळ आणि पोटातील द्रव जखमेत उलटा सोडण्याची शक्यता असते. रोगाचे जंतू असतात ते याच द्रवांत. म्हणजे जो धोका टाळावयाचा तोच आपण ओढवून घेतो. काडीच्या चटक्याने मुलांची त्वचा भाजते ते निराळेच.

इंटरनेटवर वाचलेला आणखी एक सल्ला येथे तपासून घेणे आवश्यक आहे. गोचीड चोवीस तासांच्या आत काढल्यास भय नाही, असे अमेरिकन लेखांत आढळते. ते तेथील लाइम रोगापुरते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण त्या रोगाच्या जंतूंना गोचिडीतून माणसात येण्यास बराच वेळ लागतो. विषाणूंचे तसे नाही. अमेरिकेतील पोवासन नावाचा विषाणू गोचीड लागल्यापासून अवघ्या पंधरा मिनिटांत उंदरांमध्ये शिरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडील माकडतापाचा विषाणू त्याच कुळातील आहे. म्हणून येथे चोवीस तासांचा हिशेब न करता गोचीड दिसली त्याच क्षणी काढावी आणि ‘लगेच काढली, आता काळजी नको’ असेही म्हणू नये.

क्यासनूरपासून दोडामार्गपर्यंत

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात, वानरे आणि माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतून तीव्र तापाने माणसेही दगावू लागली. गावकऱ्यांनी या दोन्हींचा संबंध आधीच ओळखला होता. कन्नडमधील ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, हे नाव त्यातूनच रूढ झाले. शास्त्रज्ञांना प्रथम वेगळीच शंका आली. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे मरतात आणि भारतात पीतज्वर कधी आढळलेला नव्हता. तो येऊन पोहोचला असता तर ते मोठेच संकट ठरले असते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक तेथे गेले. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. मेलेल्या माकडांच्या, रुग्णांच्या आणि गोचिडींच्या तपासणीतून या पथकाने जो विषाणू शोधला तो पीतज्वराचा नव्हता. तो सर्वस्वी नवीन होता आणि त्याचे जवळचे नाते रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराशी निघाले. ज्या जंगलात तो सापडला त्याचेच नाव त्याला देण्यात आले.

या रोगाचे चक्र असे चालते. रानातील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींत विषाणू टिकून राहतो. माकडांना तो लागला की ती बहुधा मरतात. मेलेल्या माकडाचे शरीर थंड होऊ लागताच त्याच्यावरील गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि ती जागा पुढे कित्येक दिवस धोक्याची बनते. म्हणून मेलेले माकड आढळल्यास त्याच्याभोवती सुमारे ५० मीटर परिघात कीटकनाशक भुकटी टाकली जाते. गुरांना हा रोग होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडींची संख्या मात्र वाढते. जंगल तोडून शेती व चराई आत शिरली, तसतसा माणूस या चक्राच्या जवळ गेला, असे मत या रोगाच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकातच मांडले होते. रोगाचा हंगाम साधारणपणे डिसेंबर ते मे असा असतो. खसखशीएवढी पिल्ले पाचोळ्यात सर्वाधिक असतात ती याच महिन्यांत, आणि माणसे लाकूडफाटा, पाचोळा व काजू गोळा करण्यासाठी रानात सर्वाधिक जातात तीही याच महिन्यांत.

कित्येक दशके हा रोग शिमोगा व लगतच्या जिल्ह्यांपुरताच मर्यादित आहे असे मानले जाई. २०१२-१३ मध्ये तो चामराजनगरच्या बंदीपूर अभयारण्यात आढळला. त्यानंतर तो केरळातील वायनाडमध्ये, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये महाराष्ट्रात, सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात दिसला. त्या वर्षी तेथे प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या रुग्णांची संख्या शंभरावर गेली. पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरातूनही रुग्ण निघाले. गोव्यातील रुग्णांत काजूच्या बागांत काम करणारी माणसे ठळकपणे दिसली. काजूची बोंडे झाडाखालच्या पातेऱ्यातून वाकून, बसून वेचावी लागतात, आणि गोचीड असते ती त्याच पातेऱ्यात. २०२४ च्या आरंभी कर्नाटकातील शिवमोग्गा, उत्तर कन्नड आणि चिक्कमगळूरु जिल्ह्यांत या रोगाने पुन्हा डोके वर काढले व काही रुग्ण दगावले.

म्हणजे के. आर. पुरममधील कुटुंब सुट्टीत दक्षिण कोकणात जावो, गोव्याच्या सत्तरीत जावो की मलनाडात, ते ज्या पट्ट्यात जाते तो पट्टा एकच आहे.

आठवडाभरानंतरचा ताप

विषाणू शरीरात गेल्यापासून तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, तोही एकाएकी. थंडी वाजून तीव्र ताप, कपाळ फुटल्यासारखी डोकेदुखी, कंबर व पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळे लाल होणे, उलट्या आणि उठवणार नाही असा अशक्तपणा ही मुख्य लक्षणे. काहींना तीन-चार दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून किंवा पोटात रक्तस्राव होतो. बहुसंख्य रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. सुमारे दहा ते वीस टक्के रुग्णांत मात्र, ताप गेल्यानंतर, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुसरी फेरी येते. पुन्हा ताप, तीव्र डोकेदुखी, हात थरथरणे, दृष्टीचे दोष, भ्रम अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के मानले जाते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, तेव्हा रुग्णाला घरात वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही.

आता हेच चित्र बेंगळुरूच्या दवाखान्यातून पाहावे. फेब्रुवारी महिना, ताप, डोकेदुखी, लाल डोळे, रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या. शहरातील डॉक्टर डेंग्यूची शंका घेतील आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण माकडतापातही रक्ताचे चित्र असेच दिसते आणि शहरात तो रोग होत नाही. डेंग्यूची चाचणी नकारात्मक आली की ‘विषाणूजन्य ताप’ एवढ्यावर निदान थांबते. ‘सहा दिवसांपूर्वी दोडामार्गला काजूच्या बागेत गेलो होतो, रविवारी गोचीड काढली’ हे एक वाक्य रुग्णाने उच्चारले तर तपासाची दिशाच बदलते. माकडतापाची चाचणी पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणूचा शोध घेऊन आणि नंतर प्रतिपिंडे पाहून करतात. म्हणजे आजाराचा कितवा दिवस आहे यावर कोणती चाचणी करावयाची हे ठरते, आणि येथेही तारीखच लागते. गोचीड लागल्याचे आठवत नसले तरी रानात गेल्याचे सांगावेच, कारण खसखशीएवढी गोचीड रक्त पिऊन निघून गेल्याचे बहुतेकांना कळतही नाही.

या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. रुग्णालयात शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे व गरज पडल्यास रक्तघटक देणे यांनी जीव वाचतात, म्हणूनच वेळेवर दाखल होण्याला महत्त्व आहे. तापासाठी पॅरासिटामोलव्यतिरिक्त ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. पूर्वी बाधित भागांत एक लस देण्यात येत असे. ती पुरेशी परिणामकारक नसल्याचे दिसून आल्याने तिचा वापर बंद करण्यात आला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले.

दंशानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने आलेल्या तापातही गोचिडीचा उल्लेख करावा. माकडताप हा गोचिडींपासून होणारा एकमेव आजार नाही.

घरातील कुत्रा आणि बाहेरगावचे काम

रानात न जाणाऱ्यांनाही गोचीड भेटते, ती कुत्र्यांमुळे. के. आर. पुरमसारख्या वस्तीत भटकी कुत्री पुष्कळ आहेत आणि अपार्टमेंटमध्ये पाळलेलीही. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड घरातच वाढू शकते. भिंतीच्या फटी, चौकटीमागील जागा आणि गादीची शिवण येथे ती अंडी घालते. तिच्यामुळे माकडताप होत नाही, पण भारतीय टिक टायफस हा जिवाणूजन्य ज्वर होऊ शकतो. त्यात तापानंतर काही दिवसांनी अंगावर, तळहातांवर आणि तळपायांवरही लाल पुरळ उठते आणि कधी दंशाच्या जागी काळी खपली धरते. यावर डॉक्सिसायक्लिन हे परिणामकारक औषध आहे आणि ते लवकर सुरू केल्यास रुग्ण झपाट्याने बरा होतो. कुत्र्याच्या कानांत, मानेच्या पट्ट्याखाली आणि पायांच्या बोटांमध्ये दर आठवड्याला पाहावे. त्याच्या गोचिडी काढतानाही चिमटाच वापरावा. कुत्र्यावर लावण्याची औषधे पशुवैद्याला विचारून आणावीत, शेतीची कीटकनाशके फासू नयेत.

बँकेच्या ग्रामीण शाखांतील अधिकाऱ्यांना काजू-सुपारीच्या बागांची पाहणी, पीककर्जाची तपासणी किंवा वसुली यांसाठी जानेवारीनंतर रानाकडेच्या वाड्यांवर जावे लागते. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा असावा, विजारीची टोके मोज्यांत खोचलेली असावीत आणि पायांत बूट असावेत. फिक्या कापडावर चढणारी गोचीड चटकन दिसते. कर्नाटकाच्या आरोग्य विभागाकडून बाधित गावांत वाटले जाणारे डेपा तेल हातापायांना लावल्यास गोचिडी दूर राहतात. हे द्रव्य संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेर येथील प्रयोगशाळेत विकसित झाले. बागेत कागदपत्रांवर सह्या घेताना पाचोळ्यावर बसू नये, घराच्या ओटीवर बसावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

घरी परतल्यावर कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात भिजवावेत आणि साबणाने अंग घासून आंघोळ करावी. मग आरशासमोर किंवा घरातील कोणाच्या मदतीने सर्व अंग पाहून घ्यावे. लहान मुलांचे केस व कानामागील भाग आईने बोटांनी चाचपावा, कारण खसखशीएवढी गोचीड डोळ्यांआधी बोटांना लागते.